बावीस वाव

"चाळीस मीटर म्हणजे किती वाव?"

वसईतल्या पाचूबंदरच्या धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी मान वर न करता विचारलं. भाचा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. त्याला मीटर ठाऊक, फूट ठाऊक. वाव मात्र त्याच्या गावीही नाही. मी दोन्ही हात फैलावून दाखवले. या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत एक वाव, साधारण सहा फूट. हिशोब केला, बावीस भरले.

"बावीस वाव," काका म्हणाले. हातातली सुई चालूच होती. "आणि वर कसा येणार?"

भाचा हसला. मला हसू आलं नाही. आठ वर्षांपूर्वी मी खोल डायव्हिंगचा कोर्स केला, तेव्हा हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

भाचा सत्तावीस वर्षांचा आहे. विरार पश्चिमेला राहतो, एका कंपनीत संगणकावर काम करतो, आणि वर्षभर लोकलच्या दारात लटकून साठवलेली सगळी रजा पाण्याखाली घालवतो. त्याच्याकडे डायव्हिंगची दोन कार्डं आहेत. आता तिसरं हवंय: 'डीप डायव्हर'. चार बुड्या, दोन दिवस, आणि मग चाळीस मीटरपर्यंत जायला मोकळा. कोर्स कुठे करावा हे विचारायला तो आला होता. मी त्याला पाचूबंदरला घेऊन गेलो, कारण रविवार होता आणि मला बोंबील घ्यायचे होते. त्यामागे यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

वसईच्या समुद्रात डायव्हिंग शिकता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, उत्तरेला अर्नाळ्यापलीकडे वैतरणेचं मुख, आणि दोन्हीकडून येणारा गाळ. त्यात भरती-ओहोटीचा फरक उधाणाला पाच मीटरच्या घरात, म्हणजे दिवसातून चार वेळा हा सगळा गाळ ढवळून निघतो. भुईगाव, राजोडी, कळंब, कुठल्याही किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, स्वतःची पावलं दिसणार नाहीत. शिवाय पाणी उथळ. किनारा दिसेनासा होईपर्यंत होडी गेली तरी दोरी फार सुटत नाही. या गढूळ, ओढीच्या पाण्यावरच आपली डोल जाळी चालतात. बोंबील आणि जवळा याच पाण्याचे. समुद्र आपल्याला पोसतो, पण आपलं पोट दाखवत नाही.

म्हणून वसई-विरारची डायव्हिंग शिकणारी मुलं मालवणला जातात, गोव्याला ग्रांद बेटाकडे जातात, मुर्डेश्वरजवळ नेत्राणीला जातात, आणि पैसे जमले की अंदमानला. २०२४पासून बांद्रा-मडगाव गाडी वसईला थांबते, त्यामुळे बॅगा घेऊन दादर किंवा पनवेल गाठायची कटकट वाचली. शुक्रवारी सकाळी वसई रोडच्या फलाटावर जाळीच्या पिशवीत फिन्स घेतलेला एखादा पोरगा हल्ली दिसतो. पूर्वी अशा पिशवीत फक्त क्रिकेटची बॅट दिसायची.

मालवणात दोन प्रकारचं डायव्हिंग चालतं, आणि बाहेरच्याला ते एकच वाटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेतात तो पहिला प्रकार. त्यात तुम्हाला पोहता येत नसलं तरी चालतं. स्थानिक डायव्हर तुमची टाकी मागून धरतो, तुम्हाला जेमतेम काही मीटर खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो, वर आणतो. सगळा भार त्याच्यावर. तुम्ही म्हणजे एक सामान. हे मी हिणवून म्हणत नाही. ही मुलं बहुतेक मच्छीमार घरांतली आहेत आणि घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली शांत करणं हे कसब आहे. गंमत एवढीच की पर्यटक खुशीत येऊन अंगठा वर करतो. पाण्याखालच्या खुणांत त्याचा अर्थ 'मस्त' असा होत नाही, 'मला वर ने' असा होतो.

दुसरा प्रकार म्हणजे शिक्षण. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, शिकण्यासाठी बांधलेला खोल तलाव आहे. जगभर चालणारी पायऱ्यांची उतरंड इथेही तीच. पहिल्या कार्डावर १८ मीटर, दुसऱ्यावर ३०, आणि खोलीचा खास कोर्स केला की ४०. पॅडी या सगळ्यांत मोठ्या संस्थेच्या नियमाने या खास कोर्सला वय पंधरा पुरे. हौशी डायव्हिंगची हद्द इथे संपते. त्याखाली जायचं तर ते तांत्रिक डायव्हिंग. तिथे वायू वेगळे, टाक्या अनेक, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं सक्तीचं.

अठरा, तीस, चाळीस. आकडे बघितले की शाळेतल्या इयत्ता वाटतात. आठवी झाली की नववी. घोळ इथूनच सुरू होतो.

मी माझा कोर्स अंदमानातल्या एका बेटावर केला. कुठे, कुणाकडे, हे महत्त्वाचं नाही. माणसं चांगली होती, जेवण फारच चांगलं होतं. वर्गात अर्धा तास एका पुस्तिकेची पानं उलटली. मग चार बुड्या. तिसऱ्या बुडीत चौतीस मीटरवर मला एक छोटं कोडं सोडवायला दिलं. तेच कोडं आदल्या दिवशी किनाऱ्यावर सोडवून घेतलं होतं. मला किनाऱ्यापेक्षा पाण्याखाली दोन सेकंद कमी लागले. शिक्षकाने टाळ्या वाजवल्याची खूण केली. मी स्वतःवर खूश झालो. त्यानंतर एका खडकाच्या कपारीत मोठा गोब्रा मासा दिसला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मग सवयीने मी हवेचा काटा बघितला. दोनशे बारपैकी सत्तर. आकडा मला स्वच्छ दिसला. अर्थ मात्र लागला नाही. एवढंच आठवतं की सत्तर हा आकडा मला आवडला. आमच्या जुन्या घराचा क्रमांक सत्तर होता, त्या घराच्या मागच्या दारातलं चाफ्याचं झाड मला आठवलं, आणि मी पुन्हा गोब्र्याकडे वळलो. किती वेळ गेला कोण जाणे; एक मिनिट असेल, दोन असतील. सोबतच्या माणसाने माझा खांदा धरून काटा माझ्या डोळ्यांसमोर आणला आणि अंगठा वर केला. पृष्ठभागावर आलो तेव्हा टाकीत पंधरा-वीस बार उरले होते.

झालं काहीच नाही. चहा झाला, वहीत सही झाली, कार्ड आलं. अजून पाकिटात आहे.

ही नायट्रोजनची झिंग. जॅक-ईव्ह कुस्तोने तिला खोल पाण्याची धुंदी म्हटलं, आणि तेव्हापासून लोक तिच्याकडे जरा रोमँटिक नजरेने बघतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो निरुपद्रवी. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो; तीस मीटरवर चौपट, चाळीसवर पाचपट. तेवढ्या दाबाने श्वासात आलेला नायट्रोजन मेंदूवर भूल दिल्यासारखा काम करायला लागतो. कुणाला तीसला जाणवतो, कुणाला पस्तीसला. आज जाणवतो, उद्या त्याच माणसाला त्याच खोलीवर नाही. थंडी, थकवा, भीती, आदल्या रात्रीची दारू, सगळं त्यात भर घालतं. जसजसे वर याल तशी मिनिटभरात ती उतरते, आणि मागे काही ठेवत नाही. म्हणूनच तिची आठवण फसवी असते.

माझा आक्षेप त्या कोड्याला आहे. कोडं सोडवायचं असं ठरवून गेलेला माणूस सगळं लक्ष एकवटून कोडं सोडवतो. दुसऱ्यांदा सोडवतो म्हणून लवकरही सोडवतो. यातून विद्यार्थी शिकतो काय, तर आपल्याला झिंग चढत नाही. प्रत्यक्षात झिंग चढलेल्या माणसाला कोडं सुटतं. कोडं सोडवताना काटा बघायचा राहिला, हे कळत नाही. कोर्सने परीक्षा घ्यायचीच तर ती लक्ष विभागण्याची घ्यावी. कोड्यात गुंतवा आणि मध्येच, न सांगता, विचारा: तुझी हवा किती, माझी किती, खोली किती, आणि अजून किती मिनिटं राहता येईल? चौथ्या प्रश्नाला बहुतेकांची गाडी अडकेल. माझी तर पहिल्यालाच अडकली होती.

आणि चौथा प्रश्न हाच खरा अभ्यासक्रम आहे, असं माझं मत होत चाललंय.

त्या रविवारी घरी आल्यावर भाच्याला घेऊन बसलो. बोंबील साफ होईपर्यंत वेळ होता. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पत्रिकेची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर आम्ही हिशोब मांडला. आकडेमोड सहावीची आहे. वाचकाने कंटाळू नये.

साधी ॲल्युमिनियमची टाकी अकरा लिटरची. तिच्यात २०० बार दाबाने हवा भरली की पृष्ठभागावरच्या मापाने २,२०० लिटर हवा झाली. शांत माणूस मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरू. चाळीस मीटरवर दाब पाचपट, म्हणजे प्रत्येक श्वासात पाचपट हवा जाते: मिनिटाला शंभर लिटर. नुसता भागाकार केला तर बावीस मिनिटं निघतात, आणि भाच्याने तेच उत्तर दिलं.

आता काकांचा प्रश्न. वर कसा येणार? आणि तोही एकटा नाही. खोलवर सोबत्याची टाकी रिकामी झाली किंवा श्वास घ्यायचा रेग्युलेटर बिघडला, तर दोघांनी तुझ्या एकाच टाकीवर वर यायचं. घाबरलेली माणसं, प्रत्येकी मिनिटाला तीस लिटर धरू, दोघांचे साठ. खाली गडबड निस्तरायला एक मिनिट: साठ गुणिले पाच, ३०० लिटर. मिनिटाला नऊ मीटर या सावकाश गतीने पाच मीटरपर्यंत वर यायला चार मिनिटं. वाटेतला सरासरी दाब सव्वातीन, म्हणजे ७८० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, त्याचे २७०. शेवटचे पाच मीटर, ७५. बेरीज १,४२५ लिटर. अकराने भागलं की सुमारे १३० बार.

भाच्याने पेन खाली ठेवलं. टाकीतल्या दोनशेपैकी एकशे तीस बार त्याच्या मालकीचे नव्हतेच. ते परतीचे होते.

उरले सत्तर बार, ७७० लिटर. खाली जायला दोन मिनिटं आणि १२० लिटर. बाकी साडेसहाशे भागिले शंभर. तळावर साडेसहा मिनिटं. काटा १३०वर आला की वळायचं, समोर व्हेल शार्क आला तरी. हाच हिशोब तीस मीटरला मांडला तर राखीव निघते सुमारे शंभर बार. अठरा मीटरला पासष्टच्या आसपास. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या डोक्यात एकच आकडा बसलेला असतो: पन्नास बार राखून होडीवर ये. उथळ पाण्यात तो आकडा कसाबसा निभावतो. चाळीस मीटरवर काटा पन्नासवर आलेला आहे आणि सोबत्याने गळ्यावरून आडवा हात फिरवून 'हवा संपली' अशी खूण केली, तर दोघांपैकी निदान एकाला ते पुरणार नाही.

आणि हे घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास पेटर डेनोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केला. जिथे संकटाची सुरुवात कशाने झाली हे ओळखता आलं, त्यांतल्या ४१ टक्के प्रकरणांत सुरुवात हवा अपुरी पडण्याने झाली होती. शार्क नाही, वादळ नाही. पेट्रोलचा काटा न बघता घाट चढायला घेतला, तसा प्रकार.

दुसरी मर्यादा शरीराची. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरत जातो. फार मुरला आणि भरकन वर आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात, वाईट प्रसंगी पाठीचा कणा. हा आजार फक्त डायव्हरांचा नव्हता, पुलांच्या मजुरांनाही व्हायचा. ब्रुकलिन पुलाचे पाये खणताना दाबाच्या पेट्यांत उतरणारी माणसं वाकडी होऊन बाहेर यायची; खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२मध्ये त्याने आजारी पडला. पुढे जे. एस. हॉल्डेनने बोकडांना दाबाच्या कोठडीत ठेवून, कुठला बोकड लंगडतो हे बघून, टप्प्याटप्प्याने वर यायचे तक्ते बसवले. ते १९०८मध्ये छापून आले. आज मनगटावर जो डायव्हिंगचा कॉम्प्युटर असतो त्याच्या खापरपणजोबांत बोकड आहेत.

पॅडीच्या तक्त्यानुसार न थांबता थेट वर येण्याची मुभा अठरा मीटरला ५६ मिनिटं, तीसला २०, आणि चाळीसला ९. उतरायची दोन मिनिटं या नवांतच धरलेली. म्हणजे तळावर सात. हवेचा हिशोब साडेसहा म्हणतो, नायट्रोजनचा सात म्हणतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दारात आलो. भाच्याला हे फार आवडलं. संगणकवाल्यांना असं काही जुळलं की आनंद होतो. मला त्यातून दुसरंच दिसलं. चाळीस मीटरला चुकीला जागा उरत नाही. अठराला तुम्ही दहा मिनिटं विसरून गेलात तरी बहुधा चालून जातं.

श्वासाचीही एक गोष्ट आहे, जी मला कोर्समध्ये कुणी सांगितली नाही. पाचपट दाबाची हवा पाचपट दाट असते. ती ओढायला आणि सोडायला छातीला मेहनत पडते. जोरात पाय मारले, प्रवाहाविरुद्ध गेलात, तर कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि तो साठला की धाप, घबराट आणि झिंग तिन्ही एकदम वाढतात. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांच्या अभ्यासातून निघालेली शिफारस अशी की श्वासाचा वायू लिटरमागे ५.२ ग्रॅमपेक्षा दाट नसावा. साधी हवा ही रेघ एकतीस मीटरच्या आसपास गाठते. म्हणजे चाळीसचं कार्ड आपल्याला जिथे नेतं ती शेवटची नऊ मीटर या शिफारशीच्या पलीकडची आहेत. तिथे जाऊ नये असं नाही. पण तिथे शर्यत लावू नये, माशामागे धावू नये, हे सांगायला वर्गात पाच मिनिटं लागतात.

नायट्रॉक्स घेतलं की सगळं सोपं होतं, असाही एक समज मुलांत आहे. बत्तीस टक्के ऑक्सिजनचं मिश्रण नायट्रोजन कमी करतं हे खरं. पण ऑक्सिजनही जास्त दाबाला विषारी होतो. या मिश्रणाची नेहमीची हद्द तेहतीस-चौतीस मीटरला संपते. चाळीसला त्याचा दाब १.६ बार होतो, आणि तिथे झटका आला तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो. पाण्याखाली पुढचं सांगायला नको.

शिकवायच्या लहानसहान गोष्टींत मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती तरंगण्यावरची पकड. वेटसूटच्या रबरातले बुडबुडे खोलवर चेपतात. वर हलका वाटणारा माणूस खाली दगड होतो. मग जॅकेटमध्ये हवा भरतो, वर येताना ती फुगते, आणि वेळेवर सोडली नाही तर माणूस बुचासारखा सुटतो. सर्वांत धोक्याचे शेवटचे दहा मीटर, कारण दाब निम्मा तिथेच होतो आणि फुप्फुसातली हवा दुप्पट. खोलीच्या कोर्समध्ये या उथळ दहा मीटरवर एक आख्खी बुडी खर्च व्हायला हवी. खाली कशालाही न धरता, निळ्या पाण्यात, पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर राहा. त्याच वेळी नारिंगी फुगा वर सोड. हे जमेना तर खाली जायचं नाही. माझ्या वेळी आम्ही नांगराचा दोर धरून थांबलो होतो, एस.टी.च्या दांड्याला धरतात तसे.

तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, पण महाराष्ट्रात चाळीस मीटर आहे कुठे?"

आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे: आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाच पृष्ठभागापासून वीस मीटरच्या आसपास खाली, त्यावर प्रवाळ, आणि कडा शेकडो मीटर खोल उतरलेल्या. नदीचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी निळं. पहिल्या कार्डाची अठरा मीटर जिथे संपते तिथे आंग्रिया सुरू होते. आणि निवतीच्या खडकांजवळ, जानेवारी २०२४मध्ये नौदलातून निवृत्त झालेलं 'आयएनएस गुलदार' हे जहाज तळावर बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची राज्य सरकारची योजना आहे. तिथली खोली फार नाही, पण बुडालेलं जहाज माणसाला आत ओढतं, आणि छत असलेल्या जागेतून सरळ वर येता येत नाही.

म्हणजे खोल पाणी आता आपल्याही उंबऱ्याशी येणार. तिथून दवाखाना किती लांब, हा प्रश्न कोर्सच्या पहिल्या तासाला यायला हवा. बुडबुड्यांचा आजार झालेल्याला आधी शुद्ध ऑक्सिजन, आणि मग दाबाची कोठडी लागते. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं 'आयएनएचएस अश्विनी' रुग्णालय आणि तिथेच नौदलाची वैद्यक संस्था आहे. डायव्हरांच्या आजारांचा अनुभव तिथला मोठा. मालवणहून रस्त्याने ते पाचशे किलोमीटर. आंग्रियाहून आधी होडीचे तास मोजा. होडीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, भरलेली आहे का, ती लावायची कशी हे नाखव्याला येतं का? मे २०२२मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटून दोघं गेले. अपघात पाण्याखाली झाला नव्हता. परत येत होते.

एक बाब तर मराठी माणसाखेरीज कुणाला सुचणार नाही. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे प्रत्येक कोर्समध्ये सांगतात: एका बुडीनंतर बारा तास, अनेक बुड्यांनंतर अठरा. पण तो नियम विमानाचा नाही, उंचीचा आहे. साधारण सहाशे मीटरच्या वर गेलात की लागू. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. रविवारी सकाळी मालवणात दोन खोल बुड्या मारून दुपारी मासे जेवून आंबोलीमार्गे कोल्हापूर-बेळगावकडे निघालेली गाडी आजारच विकत घ्यायला निघालेली असते, आणि गाडीतल्या कुणालाच पत्ता नसतो. आम्ही वसईकर त्यातल्या त्यात सुदैवी. कोकण रेल्वे समुद्राला धरून येते.

सगळ्यात अवघड धडा मी शेवटी ठेवला, कारण तो पाण्यात शिकवता येत नाही. नको म्हणायचा. इजिप्तमध्ये दाहाबला ब्लू होल म्हणून जागा आहे. तिथली प्रसिद्ध कमान पंचावन्न मीटरच्या आसपास सुरू होते, आणि किनाऱ्यावरच्या कड्यावर तिथे गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या पाट्या वाचून, त्यांच्याशेजारी फोटो काढून, माणसं पुन्हा कमानीकडे जातात. दूर कशाला, दर पावसाळ्यात आपल्या चिंचोटीच्या धबधब्यावर आणि दगडखाणींच्या पाण्यात जे होतं, त्यातही कुणीतरी एक जण काठावर म्हणालेला असतो की मला बरं वाटत नाहीये. त्याला बाकीचे हसलेले असतात. डायव्हिंगमध्ये जुना नियम आहे: कुणीही, केव्हाही, कारण न देता बुडी रद्द करू शकतो. नियम सगळे पाठ म्हणतात. मी कुठल्याही कोर्समध्ये एखाद्या विद्यार्थ्याला मुद्दाम, ठरवून, पंचवीस मीटरवरून परत फिरायला लावलेलं बघितलेलं नाही. फी भरलेली, दोर सुटलेला, खाली बत्तीस मीटरवर काहीतरी सुंदर दिसतंय, आणि शिक्षक खूण करतो: आता वर. एकदा तरी असं परत फिरायचा सराव हवा. चार बुड्यांतली एक त्यात गेली तर जाऊ दे.

भाच्याने तीन केंद्रांना पाच प्रश्न लिहून पाठवले. परतीची हवा कशी मोजता? दुसरी टाकी देता का? शिक्षकामागे विद्यार्थी किती? होडीवर ऑक्सिजन आहे का? जवळची दाबाची कोठडी कुठे? एकाने रंगीत माहितीपत्रक आणि दिवाळीची सवलत पाठवली. एकाने काहीच नाही. तिसरीकडच्या बाईंनी फोन केला आणि सांगितलं की आधी वीस-बावीस मीटरवर दोन बुड्या मारू, तुझा श्वास मोजू, मग बघू. चाळीसची खात्री देत नाही. भाचा थोडा हिरमुसला. पैसे तिकडेच भरले.

जायच्या आधी त्याने मागच्या बुड्यांच्या नोंदींवरून स्वतःचा श्वास काढला. मिनिटाला चोवीस लिटर. पत्रिकेवरचा हिशोब पुन्हा मांडला. साडेसहाची पाच मिनिटं झाली.

पुढच्या रविवारी पाचूबंदरला काका होतेच. मी सांगितलं: रजा, गाडीभाडं, दोन दिवस, फी, आणि तळावर पाच मिनिटं.

"बावीस वाव जाऊन पाच मिनिटं?" त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. भाच्याकडे नीट बघितलं, जाळ्याचा ताणा दाताने तोडला. "आणि वर यायला?"

"थांबण्यासकट आठ," भाचा म्हणाला. "एकशे तीस बार ठेवून."

बार म्हणजे काय, हे काकांनी विचारलं नाही. खाडीत पाणी चढायला लागलं होतं, गाळात कलंडलेली होडी हळूहळू सरळ होत होती. ते जाळं खांद्यावर टाकून तिकडे निघाले.